एफआयआर उघड, दोषारोपपत्र नाही: सांगलीतल्या एका शैक्षणिक सहकार्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीतल्या एका विधी महाविद्यालयाचं आहे. मी तिथे पुराव्याचा कायदा शिकवते आणि जर्मनीतल्या एका विद्यापीठाबरोबरच्या सहकार्याची समन्वयक होते, त्यामुळे पुढे जे चुकलं त्यातला मोठा वाटा माझा आहे. महाविद्यालय, विद्यापीठ, वकील आणि पक्षकार ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय कसे आणि कोणत्या क्रमाने झाले, त्यात मात्र बदल केलेला नाही.

1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्याच सुमारास आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो तिकडे एलएल.एम. करत होता, तिथल्या फौजदारी कायद्याच्या प्राध्यापकांशी आमची ओळख करून दिली. त्यांचा विषय फौजदारी प्रक्रियेचं डिजिटलीकरण. जर्मनीने 2017 मध्ये कायदा करून ठरवलं होतं की फौजदारी प्रकरणाची फाइल 1 जानेवारी 2026 पासून इलेक्ट्रॉनिकच ठेवायची. म्हणजे आठ-नऊ वर्षांची तयारी. आपल्याकडे एका दिवसात झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 105), इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर देऊन तीन दिवसांत सही करायची सोय झाली (कलम 173), आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं ठरलं, ज्याला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे (कलम 176). हे सगळं जिल्हा पातळीवरच्या कोर्टात प्रत्यक्ष कसं उतरतं, हे त्यांना पाहायचं होतं. आम्हाला आमच्या मुलांनी सांगली-मिरजेच्या पलीकडचं काही ऐकावं असं वाटत होतं.

दर गुरुवारी साडेचारला व्हिडिओवर संयुक्त परिसंवाद सुरू झाला. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिकडे दुपारचा एक. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं एक तास मागे गेली आणि आमचा वर्ग साडेपाचला सुरू होऊ लागला. जतच्या दोन मुली गाडी चुकेल म्हणून अर्ध्यातून उठायच्या. शेवटी जर्मन बाजूने दुपारी बाराला बसायचं मान्य केलं, तिकडे जेवणाची सुट्टी मोडून. सहकार्यातली पहिली खरी तडजोड ती.

त्या वर्गांमधून खूप मिळालं. एका गुरुवारी आमचा विद्यार्थी पंचनामा समजावून सांगत होता: झडतीला त्याच भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे. जर्मन मुलं शांत बसली, मग एकीने त्यांच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 105 उघडून वाचलं. न्यायाधीश किंवा सरकारी वकील हजर नसताना घराची झडती घ्यायची असेल, तर शक्य असल्यास गावचा एखादा अधिकारी किंवा त्या गावातले दोन रहिवासी बोलवावेत. ती संहिता 1877 ची. दोन्हीकडे कलमाचा आकडा 105, दोन्हीकडे झडती, आणि दोन्हीकडे शेजारच्या माणसाने पाहावं ही अपेक्षा. आता आपल्याकडे त्या शेजाऱ्याच्या जोडीला मोबाइलचा कॅमेरा आला आहे. पुढचे तीन तास कॅमेरा पंचाची जागा घेऊ शकतो का यावर वाद चालला. मला तो वर्ग अजून आठवतो.

प्रमाणपत्राचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत कशी काढली हे सांगणाऱ्या कागदाचा, वाद वेगळा. जर्मन न्यायाधीश पुराव्याचं मूल्य मोकळेपणाने ठरवतो. व्हॉट्सॲपच्या छापील पानांना ठरावीक प्रमाणपत्र जोडलं नाही म्हणून ती वाचायचीच नाहीत, अशी अट तिकडे नाही. आपल्याकडे अन्वर विरुद्ध बशीर (2014) आणि अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल (2020) या निकालांनी ती अट पक्की केली. दुसरा निकाल तर जालन्याच्या निवडणुकीतला, म्हणून मुलांना जवळचा वाटतो. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 सोबतच्या नमुन्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, अ भाग पक्षकाराने भरायचा आणि ब भाग तज्ज्ञाने, आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिचा गणिती ठसा, त्यात लिहायचा. त्यांनी विचारलं, समोरचा पक्ष संभाषण नाकारतच नसेल तर प्रमाणपत्र कशाला? आमच्या मुलांचं उत्तर असं होतं की नाकारायची अक्कल आणि वकील दोन्ही सगळ्यांकडे नसतात, प्रमाणपत्र त्यांच्यासाठी आहे.

इथून संयुक्त अभ्यासाची कल्पना निघाली. मोबाइलमधला पुरावा सांगली जिल्ह्यातल्या खटल्यांत कसा मांडला जातो आणि कुठे अडतो?

अडचण

आमच्याकडचे असे खटले म्हणजे बरेचसे द्राक्षांच्या पैशांचे. तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ या पट्ट्यात हंगामात बाहेरचा व्यापारी येतो, बाग पाहतो, चार किलोच्या पेटीवर दर ठरवतो. पहिल्या गाड्यांचे पैसे रोख देतो. विश्वास बसला की शेवटच्या दोन-तीन गाड्या उधारीवर जातात, आणि मग फोन बंद. लेखी करार नसतो. मागे राहतात ते व्हॉट्सॲपवरचे गाडीचे नंबर, वजनकाट्याच्या पावतीचे फोटो आणि ‘उद्या टाकतो’ असे निरोप. वर्षभर बागेत घातलेला पैसा परत मिळायचा तर तो या निरोपांवरच.

जर्मन बाजूने वीस-पंचवीस फायली मिळाल्या तर बरं होईल असं कळवलं. मी लगेच हो म्हटलं. आमचे माजी विद्यार्थी विजयनगरच्या कोर्टात आणि तालुक्यांत वकिली करतात. मुलांनी त्यांच्या ऑफिसांत जाऊन 23 प्रकरणांची कागदपत्रं जमवली: फिर्याद, दोषारोपपत्र, जप्ती पंचनामे, संभाषणांची छापील पानं, बँकेचे उतारे, निकाल लागला असेल तिथे निकालपत्र. मोबाइलने स्कॅन केली, फिर्यादीच्या नावाने एकेक फोल्डर केला आणि सगळं एका ड्राइव्हवर चढवलं. शुक्रवारी संध्याकाळी मी ती लिंक तिकडच्या सहायकाला पाठवली, आणि मुलांनाही वाचायला मिळावं म्हणून दोन्ही देशांतल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. ज्याच्या हाती लिंक लागेल त्याला सगळं उघडत होतं.

सोमवारी उत्तर आलं. सहायकाने दोन फायली उघडल्या होत्या आणि बंद केल्या होत्या. त्यांच्या विद्यापीठाच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांनी हे साहित्य ठेवून घ्यायला मनाई केली होती. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण नियमावलीच्या कलम 10 प्रमाणे गुन्हे आणि शिक्षांविषयीची वैयक्तिक माहिती सरकारी यंत्रणेच्या नियंत्रणाखाली किंवा कायद्याने खास मुभा दिली असेल तरच हाताळता येते. पत्राची भाषा अत्यंत सौम्य होती. शेवटी एकच विनंती होती: कृपया लिंक आजच बंद करा.

मला राग आला, हे लपवत नाही. आपल्याकडे कोर्ट उघडं असतं, निकाल पक्षकारांच्या नावानिशी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर असतात. एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावी असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सांगितलं, संवेदनशील गुन्हे वगळून. मग यात लपवण्यासारखं काय? मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये हेच बोलत होते. तेव्हा आमच्या एका तरुण सहकारी शिक्षिकेने मोबाइलवर एक निकाल काढून माझ्यासमोर ठेवला: सौरव दास विरुद्ध भारत सरकार, 20 जानेवारी 2023. दोषारोपपत्रं संकेतस्थळावर टाकावीत ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेटाळली आहे. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्त नाही, आणि ते असं उघड केल्याने आरोपी, पीडित आणि तपास यंत्रणा यांच्या हक्कांना बाधा येऊ शकते.

मी हा निकाल वर्गात शिकवलेला आहे. एफआयआर उघड आणि दोषारोपपत्र नाही, हा फरक परीक्षेत पाच गुणांना विचारलेला आहे. आणि माझ्या हातातल्या 23 फोल्डरांमध्ये 23 दोषारोपपत्रं होती.

शिवाय वकिलाने अशिलाच्या कामासाठी पाहिलेल्या दस्तातला मजकूर अशिलाच्या संमतीशिवाय बाहेर सांगायचा नाही, हे साक्ष्य अधिनियमाचं कलम 132. म्हणजे आमच्यामुळे आमच्याच माजी विद्यार्थ्यांची व्यावसायिक अडचण झाली होती.

त्या रात्री मी पहिल्यांदा ते फोल्डर नीट उघडून पाहिले. एक फाइल तासगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची होती. त्यांना मी इथे तात्या म्हणते. वजनाच्या पावत्यांचे फोटो त्यांच्या मुलाने घरच्या ग्रुपवर टाकले होते. पुरावा म्हणून त्या ग्रुपचं सगळं संभाषणच बाहेर काढून छापलं गेलं होतं, दोनशेहून जास्त पानं. पावत्या सहा पानांवर होत्या. उरलेल्या पानांवर तात्यांच्या पत्नीच्या तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलीसाठी आलेल्या स्थळांचे बायोडेटा, तिचा साडीतला फोटो, आणि एका स्थळाने नकार दिल्यावर चुलतीने लिहिलेले चार समजुतीचे शब्द. व्यापाऱ्याने बुडवलेल्या पैशांशी यातल्या कशाचाही संबंध नव्हता. हे सगळं मी ओळखही नसलेल्या तीस जणांच्या हाती दिलं होतं.

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात चार वेळा बैठक झाली. पहिला विचार अभ्यास सोडून द्यायचा आणि परिसंवाद तेवढा चालू ठेवायचा, असा होता. संस्थेच्या एका विश्वस्तांचा कल तिकडे होता. बदनामीची भीती योग्यच होती, पण मग मुलांनी घेतलेले कष्ट आणि मूळ प्रश्न दोन्ही वाया जाणार होते.

दुसरा, फक्त प्रसिद्ध निकालपत्रांवर काम करायचं. कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांत सुरक्षित. पण निकालपत्रात पुराव्याची गोष्ट शेवटच्या टप्प्यावरची असते. प्रमाणपत्र कोणी भरलं, फोन कधी जमा झाला, तोवर शेतकऱ्याने नवा फोन घेऊन जुना विकला होता का, हे निकालात क्वचित येतं. आमचा प्रश्न तिथेच होता.

तिसरा पर्याय नावं काळी करून फायली पाठवण्याचा. माझा स्वतःचा कल याकडे होता, आणि तो का टिकला नाही ते पुढे सांगते. चौथा पर्याय जर्मन प्राध्यापकांनी सुचवला: कागद सांगलीबाहेर जाऊच नये. वाचायचं ते इथल्या माणसांनी, इथे. त्यांनी फक्त प्रश्नांची यादी द्यावी आणि उत्तरांचा तक्ता घ्यावा.

एका सहकाऱ्यांनी असाही मुद्दा मांडला की डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 मध्ये संमत झाला असला तरी अजून लागू नाही, आणि लागू झाला तरी संशोधनाला त्यात सूट आहे. दोन्ही गोष्टी तेव्हा खऱ्या होत्या. नियम पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि संस्थांवरची मुख्य कर्तव्यं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. पण खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने 2017 मध्येच सांगितलं होतं. तात्यांच्या मुलीचा फोटो सुरक्षित ठेवायला आम्हाला अधिसूचनेची वाट पाहायची गरज नव्हती. या मुद्द्यावर बैठकीत आवाज चढले, आणि मला वाटतं ते चढायलाच हवे होते.

पैशांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. स्कॅनिंग आणि भाषांतराचा खर्च द्यायला जर्मन विद्यापीठ तयार होतं. आमच्या संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी नव्हती. सेवेचं शुल्क म्हणून पैसे घेता येतील का असा विचार झाला, पण धर्मादाय संस्थेच्या खात्यावर नंतर शंका घेतली जाईल असा व्यवहार नको, असं ठरलं. रुपयाही घेतला नाही. त्यांनी त्यांच्या संशोधकाचा प्रवास आणि तिकडच्या भाषांतरकाराचं मानधन परस्पर केलं. त्याच कायद्याच्या कलम 6 मुळे सेवेतल्या पोलीस अधिकाऱ्यांना परदेशी पाहुणचार घ्यायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते, म्हणून तिकडच्या कार्यशाळेला निवृत्त अधिकारी गेले.

प्रत्यक्ष काय केलं

लिंक त्याच सोमवारी बंद केली. गटातल्या प्रत्येकाला एकेकट्याला फोन करून विचारलं. चार जणांनी काही फायली उतरवून घेतल्या होत्या. आमच्या तिघांनी माझ्यासमोर पुसल्या, तिकडच्या एकीने लेखी कळवलं.

मग वकिलांकडे गेले. हे काम फोनवर करायचं नाही असं मी ठरवलं होतं. बहुतेकांनी समजून घेतलं. एकजण, माझाच जुना विद्यार्थी, फार दुखावला. ‘मॅडम, तुम्ही मागितलं म्हणून दिलं, दुसऱ्या कुणाला दिलं नसतं,’ एवढंच म्हणाला आणि त्याच्या सहाही फायली परत घेतल्या. मी त्याला थांबवलं नाही.

नावं काळी करायचा प्रयोग दरम्यान चालू होता. मुलांनी पीडीएफवर काळे चौकोन काढले. दिसायला उत्तम. पलूसच्या एका मुलाने सहज म्हणून त्या काळ्या पट्टीखालचा मजकूर निवडला आणि दुसरीकडे चिकटवला. दोषारोपपत्र संगणकावर जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं, त्यामुळे अक्षरं विस्कटलेली आली, पण मोबाइल नंबरचे दहाही आकडे स्वच्छ उमटले. काळा चौकोन फक्त वर ठेवलेला होता, खालचा मजकूर जागच्या जागीच होता. मग पान छापून, मार्करने खोडून, पुन्हा स्कॅन करून पाहिलं. उजेडात धरल्यावर दाबून लिहिलेल्या सह्या दिसत होत्या. आणि नावं गेली तरी गाव, बागेचा गट नंबर आणि तारीख राहिली की तासगावात कोणाचं प्रकरण ते कोणीही सांगेल. तिसरा पर्याय इथे संपला.

चौथा स्वीकारला. ग्रंथालयाच्या आतल्या खोलीत इंटरनेट न जोडलेला एक संगणक ठेवला. फायलींना अंक दिले. कोणता अंक कोणाचा याची वही प्राचार्यांच्या कपाटात. चार विद्यार्थ्यांनी लेखी गोपनीयतेची हमी दिली आणि तिथेच बसून तक्ता भरला. प्रश्न दोन्ही बाजूंनी मिळून तयार केले: फोन कोणी जमा केला, फाइलचा हॅश नोंदवला का, प्रमाणपत्रावर सही कोणाची, हरकत कधी घेतली, किती पानं दाखल झाली आणि त्यातली किती लागली. शेवटचा प्रश्न तात्यांच्या फाइलमुळे सुचला.

फिर्यादींची संमती घ्यायचं आम्ही ठरवलं तेव्हा तिकडून एक साधा प्रश्न आला: आरोपीला कोणी विचारलं? आम्ही सगळे गप्प झालो. व्यापारी म्हणजे बुडवणारा, हे आमच्या मनात इतकं पक्कं होतं की तोही त्या फाइलमधला एक माणूस आहे आणि निकाल लागेपर्यंत निर्दोष आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चालू खटल्यातल्या आरोपीला आम्ही जाऊन भेटणंही बरोबर नव्हतं. साक्षी-पुराव्यात ढवळाढवळ झाल्याचा समज झाला असता. म्हणून चालू असलेल्या आठही प्रकरणांवर काट मारली. निकाल लागलेल्या नऊ उरल्या. त्यांत आरोपीचं वर्णन तक्त्यात घ्यायचंच नाही असं ठरलं.

सामंजस्य कराराला एक पुरवणी जोडली. कच्चे कागद कोणत्याही कारणाने सांगलीबाहेर जाणार नाहीत, आणि आमचा तक्ता कुठल्याही देशातल्या तपासासाठी पुरावा म्हणून द्यायचा नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात फौजदारी बाबींतल्या परस्पर साहाय्याचा करार 25 ऑक्टोबर 2024 ला झालेला आहे. पुरावा मागायचा तर सरकारांनी त्या वाटेने मागावा.

निष्पत्ती

नऊ फिर्यादींपैकी आठ जणांनी संमती दिली. तात्या नववे.

ते महाविद्यालयात आले, चहा घेतला, मी सगळं सांगेपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, पैसं गेलं ते गेलं. पर पोरीचा फोटू कुणाकुणाच्या हातात हाय, तेवढं सांगा की.’ मी नावानिशी सांगितलं, कोणी उघडला, कोणी पुसला. त्यांनी विचारलं की कोर्टातल्या फाइलमध्ये तो अजून आहे का. आहे, म्हटलं. ती पानं काढून घेता येतात का, विचारलं. त्यांच्या वकिलाशी बोलते म्हटलं, आणि बोलले. संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. त्यांची फाइल ज्या विद्यार्थिनीने स्कॅन केली होती, तीच ती घेऊन वकिलांच्या ऑफिसात गेली आणि पोच घेऊन आली.

हे लिहिण्याआधी त्यांना इथला त्यांच्याविषयीचा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी दोन गोष्टी बदलायला सांगितल्या, त्या बदलल्या आहेत.

आठ फायलींवरून टक्केवारी काढता येत नाही, काढलीही नाही. पण एकेका फाइलमध्ये पुरावा नेमका कुठे अडला, हे बारकाईने लिहिता आलं. एका प्रकरणात प्रमाणपत्रावर सही होती ती पानं छापून देणाऱ्या झेरॉक्सवाल्याची. फोनवर त्याचा काही ताबा नव्हता, त्याने फक्त छापलं होतं. दुसऱ्यात शेतकरी स्वतःचा मूळ फोन घेऊन साक्षीला उभे राहिले असते तर खोतकर निकालाप्रमाणे प्रमाणपत्राची गरजच पडली नसती, पण तोवर तो फोन दुकानात बदलून झाला होता. हे वाचून जर्मन सहकाऱ्यांनी त्यांच्या बाजूचा मजकूर बदलला. प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ औपचारिकता, असं त्यांचं आधीचं मत होतं.

त्यांच्या संशोधक फेब्रुवारीत सांगलीत आल्या. दोन आठवडे विजयनगरला कोर्टात मागच्या बाकावर बसल्या, दुभाषी म्हणून आमची एक विद्यार्थिनी शेजारी. उघड कोर्टात बसून ऐकायला कोणाची आडकाठी नसते. जे कागद त्यांना पाठवणं चुकीचं होतं, त्यातलं बरंचसं त्यांनी तिथे कानांनी ऐकलं, त्यात काही चुकीचं नव्हतं. बोललेलं त्या खोलीतल्यांनी ऐकलं, कोणी नाव टाकून शोधलं तर ते सापडणार नाही, आणि कोणाच्या घरचे रिपोर्ट त्याबरोबर बाहेर गेले नाहीत. दोन्ही बाजूंच्या मुलांना हा फरक पुस्तकापेक्षा तिथे जास्त नीट कळला.

आज काय वेगळं केलं असतं

फायली मागण्याआधी मी तात्यांसारख्या दोघा-तिघांकडे गेले असते. वकिलांकडून कागद मिळणं आमच्या ओळखीमुळे सोपं होतं, आणि त्या सोपेपणानेच घात केला. माजी विद्यार्थी शिक्षिकेला नाही म्हणत नाहीत. त्यांचा होकार म्हणजे अशिलाचा होकार, असं मी मनाशी धरून चालले.

कागदांचं काय करायचं हे सामंजस्य करारातच लिहायला हवं होतं. आमच्या करारात उद्घाटनाला कोण येणार आणि बोधचिन्हं कुठे छापायची हे होतं. फाइल या शब्दाचा उल्लेखही नव्हता. आणि प्रश्न आमचा स्वतःचा असायला हवा होता. पहिले काही महिने आम्ही त्यांच्या प्रश्नाला माल पुरवत होतो. तक्त्यातला शेवटचा प्रश्न, किती पानं दाखल झाली आणि किती लागली, हा आमच्या जिल्ह्यातून निघालेला पहिला प्रश्न.

तोच आता दुसऱ्या वर्षाचा विषय आहे: एका व्यवहारासाठी माणसाचा किती फोन फाइलमध्ये यावा. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2008 च्या निकालात संगणकातल्या माहितीच्या गोपनीयतेला आणि अखंडतेला स्वतंत्र हक्काचं संरक्षण दिलं, तो निकाल मुलं वाचत आहेत. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे असा मुद्दा अपिलात निघाला तर युक्तिवाद ऐकायला मुंबई गाठावी लागणार नाही, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल.

खऱ्या फायली या वर्षी घेतलेल्या नाहीत. मुलांनी एक बनावट फाइल स्वतः तयार केली आहे. नसलेला शेतकरी, नसलेला व्यापारी, आणि घरच्या ग्रुपचं आठ महिन्यांचं संभाषण, ज्यातला प्रत्येक निरोप त्यांनी आळीपाळीने लिहिला. वजनाच्या पावत्या आहेत, सत्यनारायणाचं आमंत्रण आहे, आजीच्या गुडघ्याचं दुखणं आहे. जर्मन मुलांनी त्यांच्याकडची तशीच एक फाइल केली आहे, जुन्या गाडीच्या खरेदीची. गेल्या गुरुवारी दोन्ही गटांनी एकमेकांची फाइल तपासून कोणती पानं कोर्टात जावीत ते ठरवायचं होतं. आमच्या मुलांनी आजीचं दुखणं काढून टाकलं. तिकडच्या एका मुलीने ते ठेवायला सांगितलं: त्याच दिवशी मुलगा आजीला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात होता, मग गाडी भरताना वजन कोणी पाहिलं? आमच्या मुलांनी ती पानं पुन्हा उघडली.